बर्फपेटीतली कलिंगडाची फोड

मित्रांनो, बसायचं असेल तर जरा कडेला बसा, मधोमध नको. मी काही बाकडं नाही. मी बर्फाची पेटी आहे, आणि आता माझं वय झालं आहे. बाहेरून पत्रा, आतून थर्मोकोल, दोन्ही बाजूंना कड्या आणि झाकणावर तांबडी फुली, असा माझा अवतार. माझगावच्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. फुली रंगवणारा माणूस घाईत होता, म्हणून तिचा एक हात आखूड राहिला. मला बघणारा प्रत्येक जण आधी तेच बोलून दाखवतो. आता त्याचंही काही वाटत नाही.

माझी पहिली नोकरी लालबागच्या एका गिरणीच्या दवाखान्यात होती. कामगारांच्या मुलांना टोचायच्या लशी माझ्या पोटात असायच्या. मला बघितलं की मुलं भोकाड पसरायची. वाईट वाटायचं, पण लशी थंड ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख करत होते. कंपाउंडर मला रोज पुसायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल, असं म्हणता म्हणता महिने गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. कंपाउंडरने किडुकमिडुक सामान ओळखीच्यांना देऊन टाकलं आणि मी तात्यांच्या घरी आले. तात्या म्हणजे त्याच गिरणीच्या साचेखात्यात मागावर कापड विणणारे कामगार. मूळचे कोकणातले, अबोल आणि मानी. हातात काम नाही म्हटल्यावर ते माझ्यात बर्फाच्या कांड्या भरून शाळेसमोर उभे राहू लागले. पण "कांडी घ्या" अशी हाक काही त्यांच्या तोंडून निघेना. कापड विणणाऱ्या माणसाने रस्त्यावर ओरडायचं कसं? ते नुसते उभे राहायचे आणि कांड्या वितळायच्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आज येत नाही.

संप कधी मिटला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. गिरणी मात्र पुन्हा सुरू झाली नाही. तात्यांना पुढे एका इमारतीत रखवालदाराचं काम मिळालं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी कित्येक वर्षं पडून होते. माझ्यावर आधी गोधड्या आल्या, मग मोडका पंखा आला, मग कोळीष्टकं आली. आपण संपलो, असंच मी धरून चालले होते.

मला खाली काढलं ते तात्यांच्या मुलाने, रघुवीरने. तो परळच्या एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाला होता. तिथे डॉक्टर मीनाक्षी नावाच्या बाईंनी नवीन अभ्यास सुरू केला होता. त्यासाठी पेशंटच्या घरी जाऊन सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचं आणि ते थंडच्या थंड लॅबमध्ये पोचवायचं, असं काम होतं. इस्पितळाकडे पेटी मागितली होती, पण तिची मंजुरी कुठे अडली होती देव जाणे. तेव्हा रघुवीरला माझी आठवण झाली. त्याने मला साबणाने घासलं, जंतुनाशकाने धुतलं आणि उन्हात ठेवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! माळ्यावरून उतरलेल्या पेटीला एवढं पुष्कळ झालं.

हा अभ्यास कशाचा होता, ते मी तुम्हाला समजावून सांगते. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडून ती जाळतात. आमच्याकडे त्याला सगळे शेक म्हणतात. गाठ ओटीपोटात असेल तर शेजारच्या आतड्यालाही किरणांचा त्रास होतो. रघुवीरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, आतडं बिघडलंय की नाही, ते रक्तात कसं दिसणार?"

डॉक्टर मीनाक्षी म्हणाल्या, "आतड्याला आतून अस्तर असतं. त्या अस्तरातल्या पेशी सिट्रुलिन नावाचा पदार्थ तयार करून रक्तात सोडतात. अस्तर धड असलं की रक्तात तो भरपूर सापडतो. अस्तर झडायला लागलं की आकडा खाली येतो."

"मग पेशंटलाच विचारायचं ना, पोट कसं आहे म्हणून."

"सांगतात कुठे? बायका तर मुळीच नाही. जुलाबाचं बोलायला लाज वाटते. रक्ताला लाज नसते, म्हणून रक्ताला विचारायचं."

मला ते अगदी पटलं. आपण मोठ्या कामाला लागलो, असं वाटून मी फुगले होते. शीव, माटुंगा, लालबाग, वरळी, असं आम्ही दोघं बसने फिरायचो. रघुवीर मला मांडीवर घेऊन बसायचा आणि शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "आइस्क्रीम काय?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे तुळसाबाईचं नाव आलं. तुळसाबाई वरळी कोळीवाड्यातली. दादरच्या बाजारात मासळी विकायची. तिचा आवाज असा, की भाव करायला आलेलं गिऱ्हाईक भाव न करताच पैसे द्यायचं. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली होती आणि दुपारी शेक चालू होते. मुलगा होडीवर जायचा. घरात सून होती, दुर्गा.

रक्त घ्यायच्या आदल्या दिवशीच रघुवीरने तुळसाबाईला नीट बजावलं. "मावशी, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. सकाळी चहा नाही, बिस्किट नाही. पाणी चालेल."

"कललं रे बाबा. एवढं काय त्यान," तुळसाबाई म्हणाली.

घर लहान होतं. मला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात ठेवून, तुळसाबाई तयार होईपर्यंत रघुवीर बाहेर ओट्यावर थांबायचा. दुर्गाने माझं झाकण उघडलं, आत बघितलं आणि नाक मुरडलं. "दादा, हा बर्फ म्हणायचा काय? थांबा, मी भरून देतंय." बंदरावरचा बर्फ तिच्या घरात होताच. तिने तो फोडून मला काठोकाठ भरलं. इतका गारवा मला दवाखान्यातही कधी मिळाला नव्हता.

पण पहिल्याच खेपेला एक घोटाळा झाला. लॅबमध्ये डॉक्टरांनी झाकण उघडलं, तर रक्ताच्या नळ्यांखाली, बर्फात, दोन ताजी पापलेटं झोपलेली. दुर्गाने ठेवली होती. घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रघुवीरला चांगलंच झापलं त्यांनी, आणि वर मला दोनदा धुवायला लावलं. पुढच्या खेपेला रघुवीरने दुर्गाला हात जोडून सांगितलं, "वहिनी, एवढे उपकार करा, पेटीत मासे घालू नका."

शेक वाढत गेले तसं तुळसाबाईचं रूप बदलू लागलं. हे रघुवीरला दिसत नव्हतं. तो आत यायच्या वेळी ती वेणीफणी करून, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून, खुर्चीत ताठ बसलेली असायची. मी मात्र कोपऱ्यात असायचे आणि ती तयार व्हायच्या आधीचं सगळं मला दिसायचं. कोळीवाड्यातला संडास गल्लीच्या टोकाला. तुळसाबाई भिंतीला धरत मागच्या दाराने तिथून यायची, जमिनीवर बसायची, आणि पुन्हा उठून तिकडेच जायची. पोटात कळ आली की पदराचा बोळा तोंडात धरायची, पण आवाज काढायची नाही.

एकदा दुर्गा म्हणाली, "आय, रघुवीरदादांना सांगू काय? डाक्टर औषध देतील."

"खबरदार," तुळसाबाई म्हणाली. "गुणवंतीचं काय झालं इसरलीस? जुलाब होतात म्हनून तिचा शेक थांबवला, घरी धाडली. होळी पन बघली नाय तिनं. माझा शेक थांबला तर मी पन तशीच जानार. माझी शपथ हाय तुला."

गुणवंती ही त्याच गल्लीतली बाई. तिचं खरं काय झालं ते कुणालाच धड माहीत नव्हतं. पण तुळसाबाईच्या मनात एकच गोष्ट बसली होती, शेक थांबला की माणूस जातं. ती मरायला घाबरत होती, मित्रांनो, दुसरं काही नाही. आणि सासूची शपथ मोडायची दुर्गाची हिंमत होत नव्हती.

शेकाची उष्णता पोटात शिरली आहे, असं गल्लीतल्या सगळ्या बायकांचं मत पडलं होतं. उष्णतेवर थंड द्यायचं. म्हणून दादरहून कलिंगडं यायची. भात गेला नाही, पेज गेली नाही, पण बर्फावर गार केलेलं कलिंगड तुळसाबाईच्या घशाखाली उतरायचं. पहाटेपासून तेच खायची. दुर्गा एकदा कचरत म्हणाली, "आय, दादा आत येतील आता. उपाशी ऱ्हायचंय ना?"

"उपाशीच हाय की. कलिंगड काय खानं हाय? पानी हाय नुसतं. पानी चालतं बोललाय तो. आनी उपासाला फल खातोच ना आपन?"

दुर्गाने पुढची फोड कापून दिली. मलाही ते बरोबरच वाटलं. उपवासाच्या दिवशी तात्यांच्या घरीही फळं खाल्लेली मी बघितली होती. फळ खाल्लं म्हणून उपवास मोडला, असं तिथे कुणी कधी म्हटलं नव्हतं.

रघुवीर आत येऊन विचारायचा, "मावशी, काही खाल्लं नाही ना?" तुळसाबाई सरळ त्याच्याकडे बघून सांगायची, "नाय." आणि तिच्या मते ते खोटं नव्हतं.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, लॅबमध्ये व्हायची. बाकी सगळ्या पेशंटचे आकडे हळूहळू उतरत होते. तुळसाबाईचा मात्र चढत होता. डॉक्टर मीनाक्षी खूश. "रघुवीर, या बाईचं आतडं काय लोखंडाचं आहे? वजन थोडं उतरलंय, पण शेकात भूक मरतेच. आकडा झकास आहे. पुढचे शेक सलग द्यायला हरकत नाही."

मी टेबलाखाली ऐकत होते. घरी मी एक बघत होते आणि लॅबमध्ये भलतंच ऐकत होते. डॉक्टरांनीच एकदा विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की आतडं झडलेलं असताना किरण चालू ठेवले तर आतड्याला भोक पडतं, आणि मग माणूस वाचवणं फार कठीण जातं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. झाकण आहे, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं. तेवढा संताप मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

मग ती सकाळ आली. पुढच्या आठवड्यात शेकाचा जोर वाढवायचं ठरलं होतं. तुळसाबाई खुर्चीत बसली, पण तिचा ताठपणा गेला होता. रघुवीरने दंडाला पट्टी बांधली, दोनदा सुई टोचली, रक्त येईना.

"मावशी, शीरच सापडत नाही. पाणी पीत नाही काय?"

"तुझी सुई बोथटली असंल," तुळसाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की रघुवीरने मान वर करून तिच्याकडे बघितलं. पण आकडा चांगला येत होता ना. त्याने पट्टी सोडून दुसऱ्या दंडाला बांधली.

इकडे दुर्गा माझ्यात बर्फ भरत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पत्र्यावर पडत होतं. मला वाटलं, आता ही बोलेल. नाही बोलली. डोळे पुसले, विळीवर कलिंगडाची एक मोठी फोड कापली, पिशवीत गुंडाळली आणि बर्फात ठेवली. रघुवीर दिसताच हलक्या आवाजात म्हणाली, "डाक्टरीणबायना द्या. मासळी नको बोललात, म्हनून हे. नाहीतरी घरात मासळी आनतच नाय सध्या. आयला वास सोसत नाय."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढंच होतं.

लॅबमध्ये डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रघुवीर, पुन्हा?"

"मासे नाहीत मॅडम. कलिंगड आहे. वहिनींनी तुमच्यासाठी दिलंय."

डॉक्टर हसल्या. "कोळीवाड्यातून कलिंगड? मासळी संपली की काय?"

"घरात आणत नाहीत म्हणे. मावशींना वास सोसत नाही. कलिंगडच असतं तिथं. सकाळी गेलो की विळीपाशी साली पडलेल्या असतात."

डॉक्टरांचं हसू गेलं. "सकाळी? आपण रक्त घेतो त्याच्या आधी?"

"असेल. पण मावशी काही खाल्लं नाही म्हणतात."

"आपल्याकडे फळाला खाणं कोण म्हणतं," असं पुटपुटत डॉक्टर स्टुलावर बसल्या. फोड हातात तशीच होती. मग त्यांनी रघुवीरला जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटातला बर्फ आणखी गार झाला. सिट्रुलिन हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तोच मुळी कलिंगडात. त्याचं नावही कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून पडलं आहे. सकाळी कलिंगड खाल्लं की थोड्याच वेळात ते रक्तात चढतं.

"म्हणजे एवढे दिवस आपण..." रघुवीर म्हणाला.

"कलिंगड मोजत होतो. आणि मासळीवाल्या बाईला मासळीचा वास सोसत नाही, हे मला आज कळतंय. टॅक्सी बघ."

टॅक्सीतही रघुवीरने सवयीने मला मांडीवर घेतलं होतं, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. डॉक्टर दारात आलेल्या बघून तुळसाबाई उठायला गेली आणि तिला उठवेना. डॉक्टरांनी रघुवीरला बाहेर थांबायला सांगितलं आणि त्या जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"तुळसाबाई, पोट कसं आहे?"

"बरा हाय."

"रात्री किती वेळा उठावं लागतं?"

तुळसाबाईने तोंड फिरवलं. डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत. मग ती म्हणाली, "तू शेक बंद करशील."

"बंद नाही करणार. थोडे दिवस थांबू. सलाईन लावू, औषध देऊ. पोट सावरलं की उरलेले शेक पूर्ण करू. हे असंच चालू ठेवलं, तर मात्र शेकानेच जीव जाईल तुमचा."

"गुणवंतीला पन थांबवला होता."

"गुणवंतीबाईंचं काय झालं ते मला माहीत नाही. तुमचं माहीत असायला पाहिजे होतं. मी विचारलंच नाही. चुकलं माझं."

एवढी शिकलेली बाई आपल्यासमोर जमिनीवर बसून चुकलं म्हणते, हे तुळसाबाईला अपेक्षित नसावं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. "मोजायचं सोडलाय मी बाय," ती म्हणाली. "रातभर तिथंच असतंय. रगत पन जातंय." मग दुर्गाही बोलू लागली आणि थांबेचना. शपथ कुठल्या कुठे गेली.

त्याच दिवशी तुळसाबाईला इस्पितळात ठेवलं. दुसऱ्या सकाळी खरोखर उपाशीपोटी रक्त घेतलं. त्या अभ्यासात इतका खाली आकडा कुणाचाच आला नव्हता. शेक थांबले. सलाईन लागलं. कलिंगड बंद झालं, कारण त्याने जुलाब आणखी वाढत होते. तिचं काही खरं नाही, अशी कुजबुज मी लॅबमध्ये ऐकली. त्या दिवसांत रघुवीर तिच्या नळ्या माझ्यात ठेवताना दर वेळी झाकणावर हात ठेवून क्षणभर उभा राहायचा. मला कळायचं तो काय मागतो आहे. मीही तेच मागत होते. हळूहळू आकडा वर आला, आणि या खेपेला तो कलिंगडाचा नव्हता. उरलेले शेक पूर्ण झाले.

पुढे डॉक्टरांनी रघुवीरच्या कामात भर घातली. सुई टोचण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. फळ, सरबत, प्रसाद, काही तोंडात घातलं का? आणि पोट कसं आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळायला वेळ लागायचा, त्यामुळे आमची बस रोज चुकायची. रघुवीर कुरकुरायचा, पण विचारायचा.

काही वर्षांनी इस्पितळाला निळी प्लास्टिकची पेटी मिळाली, आत तापमान दाखवणारा काटा असलेली. मंजुरी अखेर आली म्हणायची. मला इथे, शेक विभागाच्या पडवीत, बाकड्याशेजारी ठेवलं. पेशंट माझ्यावर बसतात, डबे ठेवतात, एकदा कुणी ओली छत्रीही ठेवली. निळ्या पेटीचा मला थोडा हेवा वाटतो, उगाच कशाला नाही म्हणू?

मागच्या महिन्यात तुळसाबाई तपासणीला आली होती. केस पिकलेत, अंगाने सुकली आहे, पण बाजारात जाते. ती माझ्यावरच येऊन बसली. बाकड्यावर माटुंग्याची एक बाई होती, सुभद्रा नावाची, हातात फाइल घट्ट धरलेली. तिचे शेक नुकतेच सुरू झाले होते. नर्सने तिला विचारलं, "पोटाचा काही त्रास?" ती खाली बघून म्हणाली, "नाही. सगळं ठीक आहे."

तुळसाबाईने तिच्याकडे निरखून बघितलं. मग सगळी पडवी ऐकेल अशा, बाजारातल्या आवाजात ती म्हणाली, "जुलाब होतात ना गो तुला? मना पन होत व्हते. लाजून लपवले, मरता मरता वाचले. सांग तिला. आत्ताच सांग."

पडवीतले पुरुष भिंतीकडे बघू लागले. सुभद्राबाई लाल झाली. मग तिने नर्सला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात बोलू लागली. ती बराच वेळ बोलत होती.

मित्रांनो, मी एक मोडकी पेटी, मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, पोट कसं आहे, झोप लागते का, काय खाल्लंस. ते माणूस लाजेल, चिडेल, विषय बदलेल, मला काही झालेलं नाही म्हणेल. तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.